चार नकार

अल खोरच्या लेबर कॅम्पात, मेसच्या मागे,
जिथे एसीचं पाणी ठिबकून सिमेंटवर शेवाळ धरलंय
आणि हिरवं काही बघायचं तर तेवढंच आहे,
कोइवी मला म्हणाला, मीही गल्फचाच.
फक्त दुसऱ्या.

त्याच्या मुलखालाही एक आखात आहे, पापुआच्या पोटाखाली,
चिखलाचं, खारफुटीचं,
एका नदीनं दुसरीच्या पायात पाय घातलेलं.
तिथेही वायू सापडला, म्हणून चौदा जण
व्हॉल्व्ह उघडायला-मिटायला शिकायला इथे आले.
बाकीचे तेरा डोंगराकडचे. त्याच्याशी बाजारभाषेत बोलतात.

तुमच्याकडे भाषा किती, मी विचारलं,
वांग्याचा भाव विचारावा तसं.
तो म्हणाला, सख्ख्या चार.
एकमेकींचं निम्मं कळतं.
उरलेलं निम्मं कळलं नाही असं दाखवायचं असतं.
आणि नावं?
नावं आम्ही नाही ठेवत, नावं ठेवायचं काम शेजाऱ्यांचं.
ते कान लावून ऐकतात,
ही माणसं 'नाही' कसं म्हणतात.
तेच नाव.

म्हणजे तो ज्यांच्यातला, त्यांचं नाव नाही.
त्याच्या आईकडच्यांचं, नाही.
वरच्या अंगाला साबूदाण्याच्या झाडांत राहतात, त्यांचंही नाही.
पण एक नाही घशात अडतो,
एक ओठ न उघडता नाकातून येतो,
आणि एक दोनदा म्हणावा लागतो,
एकदाच म्हटला तर त्याचा अर्थ 'बघू'.

मला हसू आलं.
आमच्याकडे आगाशीपासून नंदाखालपर्यंत
एसटीच्या एका तिकिटात कुपारी, वाडवळ, कोळी, आगरी,
आणि आई मागच्या पडवीत कांदा चिरता चिरता सांगायची
पुढच्या दारी कोण आलंय ते,
त्या बाईच्या नुसत्या 'नाय'वरून.
कुणाचा नाय आखूड, देठ खुडल्यासारखा.
कुणाचा बावखलात दगड टाकल्यासारखा,
थोडा वेळ जाऊन ऐकू येणारा.

आणि चौथी? मी विचारलं.
चौथीत आता कुणी नाही म्हणत नाही.
हो पण म्हणत नाही.
शेवटची बाई त्याच्या आत्याची सासू,
ती गेली तेव्हा हा शाळेत होता, फुटबॉलची मॅच होती.
तिचा नकार तेवढा एका ओढ्याला चिकटून राहिला,
सर्व्हेवाल्यानं ऐकून नकाशात घातलेला,
एक अक्षर चुकवून.
लोक त्या नकारात कपडे धुतात,
पोरं त्यात पोहायला शिकतात.

मग शटडाउन लागला. बारा-बारा तास.
तिसऱ्या शुक्रवारी आम्ही दोघं मिस्साला निघालेलो,
दाढ्या केलेल्या, त्यानं माझा इस्त्रीचा शर्ट घातलेला,
आणि गेटाशी सुपरवायझर वही घेऊन उभा.
मी म्हटलं, येस सर.
कोइवीनं त्याच्या घरचा शब्द काढला,
घशात अडणारा, अख्खा.
सुपरवायझरला वाटलं ठसका लागला.
गुड, म्हणाला, आणि नाव लिहून घेतलं.

त्या रात्री फ्लेअरची ज्योत एवढी मोठी होती
की बसमध्ये दिवा न लावता चेहरे दिसत होते.
कोइवी चिडलेला नव्हता.
म्हणाला, दोन वर्षांनी मोठ्यानं म्हटला.
अजून लागतो तसाच, घशाला.

फॉर्मवर मातृभाषेच्या रकान्यात
मी सतरा वर्षं 'मराठी' लिहितोय, ते काही खोटं नाही.
पण रूमवर आल्यावर कडी लावून, नळ सोडून
आईचा नाय म्हणून पाहिला.
पहिला पुस्तकातला निघाला.
दुसरा रेडिओवरचा.
तिसऱ्यांदा जरा जोरात गेला असावा,
कारण बाहेरून बिनॉयनं दार वाजवलं
आणि त्याच्या हिंदीत विचारलं,
काय झालं, पाणी गेलं का?